इंडियानापोलिस ५००: चार डावी वळणं आणि शतकभराचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "मी फॉर्म्युला वन नेमाने बघतो. इंडियानापोलिस ५०० बघायला बसलो आणि अर्ध्या तासात कंटाळलो. चार वळणं, चारही डावीकडे, आणि त्याच्या २०० फेऱ्या. या शर्यतीच्या इतिहासाबद्दल लोक एवढं बोलतात, तो इतिहास नेमका कशाचा? इंजिनियरच्या नजरेने समजावून सांगाल का?"

सांगतो. इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली ५०० मैलांची मोटार शर्यत. माझं आयुष्य इंजिनाच्या टेस्ट बेडवर (इंजिन बांधून तपासायच्या चौथऱ्यावर) गेलं आणि त्यातली बरीच वर्षं टर्बोचार्जरपाशी, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्रापाशी. त्यामुळे उत्तर थोडं इंजिनाकडे झुकेल, ते चालवून घ्या.

आधी ट्रॅक समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. इंडियानापोलिसचा ट्रॅक १९०९ साली ज्या आकाराचा आखला, त्याच आकाराचा आजही आहे. अडीच मैलांचा, म्हणजे साधारण चार किलोमीटरचा, कोपरे गोल केलेला आयत. एक-एक किलोमीटरचे दोन लांब सरळ पट्टे, दोनशे-दोनशे मीटरचे दोन छोटे आणि चारशे-चारशे मीटरची चार वळणं. वळणांना बाहेरच्या बाजूने दिलेला चढ ९ अंश १२ मिनिटं. या आकड्यांना शंभर वर्षांत कुणी हात लावलेला नाही. बदललं ते बाकीचं सगळं: ट्रॅकचा पृष्ठभाग, गाड्या, इंजिनं, टायर, इंधन, भिंती. त्याच वळणातून गाडी आणखी जोरात कशी काढायची आणि काढताना आतला माणूस जिवंत कसा ठेवायचा, या दोन प्रश्नांची शतकभर चाललेली ओढाताण म्हणजे हा इतिहास.

कागद-पेन्सिल घ्या. चारशे मीटरमध्ये गाडी ९० अंश वळते, म्हणजे वळणाची त्रिज्या झाली साधारण २५६ मीटर. वळणाचा चढ गाडीला आत ढकलायला मदत करतो, पण किती? टायरची बाजूची पकड शून्य धरली तर नुसत्या चढाच्या जोरावर ताशी ७३ किलोमीटरनेच वळता येईल. १९११ साली पहिली शर्यत जिंकणाऱ्याचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होता. त्या वेगाला बाजूचा ताण गुरुत्वाकर्षणाच्या अर्ध्याहून थोडा कमी येतो. आज हेच वळण ताशी ३६० ने घेतात. वेग तिप्पट, ताण नऊपट. चार जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट. सत्तर किलोचा माणूस प्रत्येक वळणात २८० किलोचा होऊन उजवीकडे ढकलला जातो, एका फेरीत चार वेळा, आणि फेरी संपते चाळीस सेकंदांत. चढ तेवढाच आहे, तो जेमतेम ०.१६ जी देतो. उरलेलं सगळं टायरने आणि गाडीला खाली दाबणाऱ्या हवेने द्यायचं.

एवढं डोक्यात ठेवलं की पुढच्या घटना आपोआप जागेवर बसतात.

ट्रॅक बांधला चौघांनी: कार्ल फिशर, जेम्स अ‍ॅलिसन, आर्थर न्यूबी आणि फ्रँक व्हीलर. चौघेही मोटारधंद्यातले. फिशर आणि अ‍ॅलिसन गाड्यांच्या अ‍ॅसिटिलीन दिव्यांच्या धंद्यात, न्यूबी गाड्या बनवणारा, व्हीलर कार्ब्युरेटरवाला. इंडियाना राज्यात तेव्हा मोटार कंपन्या भरपूर होत्या आणि गाडी जोरात पळवून तपासायला जागा कुठेच नव्हती. म्हणून हा मूळचा चाचणी-ट्रॅक. पृष्ठभाग केला खडी आणि डांबराचा. ऑगस्ट १९०९ मध्ये मोटारींच्या पहिल्या शर्यती झाल्या आणि तो पृष्ठभाग अक्षरशः उखडला. खड्डे पडले, खडी उडाली. तीन दिवसांत पाच माणसं गेली: एक ड्रायव्हर, दोन मेकॅनिक आणि दोन प्रेक्षक. शेवटची ३०० मैलांची शर्यत अर्धवट थांबवावी लागली.

इथे ट्रॅक कायमचा बंद झाला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी उलट ३२ लाख विटा आणल्या आणि ६३ दिवसांत सगळा ट्रॅक फरसबंद केला. प्रत्येक वीट चार किलोच्या वरची, रस्त्यासाठी भाजलेली. या ट्रॅकचं 'ब्रिकयार्ड' हे नाव तिथून आलं. पुढे टप्प्याटप्प्याने वर डांबर चढलं आणि १९६१ च्या शेवटी विटांचा फक्त एक यार्डाचा पट्टा उघडा ठेवला. तीच आजची स्टार्ट-फिनिश रेषा. जिंकलेला ड्रायव्हर आणि त्याची टीम गुडघ्यावर बसून ज्या विटांचं चुंबन घेतात, त्या याच.

१९१० मध्ये छोट्या-छोट्या शर्यती भरवल्या, पण गर्दी ओसरायला लागली. मग ठरलं की वर्षातून एकच शर्यत, पण मोठी, सकाळपासून संध्याकाळपर्यंतची. ५०० मैल. ३० मे १९११ ला ४० गाड्या उभ्या राहिल्या. जिंकला रे हॅरून, मार्मन कंपनीच्या 'वास्प' गाडीत, ६ तास ४२ मिनिटांत, सरासरी ताशी ७४.६ मैलांनी. त्याची ओळख 'रिअर-व्ह्यू आरसा पहिल्यांदा लावणारा' अशी करून देतात आणि ती बरोबरही आहे. बाकीच्यांच्या गाडीत शेजारी मेकॅनिक बसायचा आणि मागचं बघून सांगायचा. हॅरूनची गाडी एका सीटची, म्हणून इतरांनी तक्रार केली आणि त्याने आरसा लावला.

माझ्या लेखी मात्र त्याचा मोठेपणा टायरच्या हिशेबात आहे. तो मार्मनचा इंजिनियर होता. ताशी ७५ मैलांच्या आसपास राहिलं तर टायर टिकतात, ८० ला नेलं की झपाट्याने झिजतात, हे त्याने आधीच ताडलं होतं. बाकीचे जोरात पळाले आणि टायर बदलायला थांबत राहिले. हा आपल्या वेगाला चिकटून राहिला. एका फेरीत कोण जोरात आहे आणि ५०० मैलांत कोण जोरात आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे पहिल्याच वर्षी सिद्ध झालं. निकालावर वाद झाला हेही खरं. अपघाताच्या गडबडीत फेऱ्या मोजणाऱ्यांचा गोंधळ उडाला आणि राल्फ मलफर्डच खरा विजेता असं म्हणणारे आजही आहेत.

दुसऱ्या वर्षी राल्फ डीपाल्मा मर्सिडीज घेऊन तिसऱ्या फेरीपासून पुढे होता. १९६ फेऱ्या त्याने आघाडी सांभाळली, दुसरा माणूस कित्येक फेऱ्या मागे. आणि दोन फेऱ्यांपेक्षाही कमी अंतर उरलं असताना कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) तुटला. तो आणि त्याचा मेकॅनिक रूपर्ट जेफकिन्स खाली उतरले आणि गाडी ढकलत सरळ पट्ट्यावरून घेऊन आले. जो डॉसन संपूर्ण शर्यतीत फक्त शेवटच्या दोन फेऱ्या पुढे होता, पण जिंकला तोच. इंजिन बनवणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असावी. थकवा येऊन तुटणारा भाग ९९ टक्के काम अगदी नेटकं करतो.

१९१३ मध्ये फ्रान्सहून प्यूजो आली. ज्यूल गू तिच्यात बसून तेरा मिनिटांच्या फरकाने जिंकला. लोक त्याने वाटेत शॅम्पेन प्यायल्याची गोष्ट सांगतात. इंजिनवाल्यांसाठी खरी बातमी बॉनेटच्या आत होती: डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. तुमच्या दारातल्या पेट्रोल गाडीच्या माहितीपत्रकात डीओएचसी लिहिलेलं असेल, तर त्याचं घराणं या इंजिनापर्यंत मागे जातं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून सुटे भाग यायचे बंद झाले, तेव्हा एक मोडलेली प्यूजो लॉस एंजेलिसमध्ये हॅरी मिलरच्या वर्कशॉपमध्ये आली. तिथे तिचं इंजिन उघडलं गेलं आणि आतली रचना मिलरच्या माणसांच्या हातांत बसली. त्यातून मिलर इंजिनं आली. मिलरचा कारखाना बुडाल्यावर त्याचा फोरमन फ्रेड ऑफनहाउझरने तोच धागा पुढे नेला.

ऑफनहाउझर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'ऑफी'. चार सिलिंडरचं हे इंजिन १९३५ ते १९७६ या काळात २७ वेळा जिंकलं. १९४७ पासून १९६४ पर्यंत दुसऱ्या कुणाला जिंकूच दिलं नाही. त्याचं एक वैशिष्ट्य मुद्दाम सांगतो. सिलिंडर ब्लॉक आणि हेड एकाच ओतकामात होते, मध्ये हेड गॅस्केटच (दोन्हींमधला सांधा बंद करणारी पट्टी) नाही. आमच्या कामात बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवला की पहिली भीती गॅस्केट उडण्याची. ऑफीत उडायला गॅस्केटच नव्हती. म्हणून तिसाच्या दशकातली ही रचना साठ-सत्तरच्या दशकात टर्बो लावून हजार अश्वशक्तीच्या आसपास नेता आली.

मधल्या काळाचं थोडक्यात. महायुद्धांमुळे १९१७-१८ आणि १९४२ ते १९४५ या वर्षांत शर्यत झाली नाही. दुसऱ्या युद्धानंतर ट्रॅकवर गवत माजलं होतं आणि तिथे घरं बांधायचं घाटत होतं. तीन वेळा जिंकलेला विल्बर शॉ धावपळ करून टेरे हाउटच्या टोनी हलमनला घेऊन आला आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये हलमनने ट्रॅक साडेसात लाख डॉलरला विकत घेतला. जिंकल्यावर दूध पिण्याची रीत १९३६ च्या लुई मेयरपासूनची. त्याने ताक मागितलं होतं. १९५० ते १९६० ही अकरा वर्षं ही शर्यत फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेतही धरली जायची, पण युरोपातले फारसे कुणी फिरकले नाहीत. अल्बेर्तो अस्कारी १९५२ मध्ये फेरारी घेऊन आला, तेवढाच.

त्या १९५२ च्या शर्यतीपाशी मला थांबायचंय, कारण तिचा एक धागा थेट पुण्यात येतो.

इंडियानापोलिसच्या दक्षिणेला कोलंबस नावाचं छोटं शहर आहे. कमिन्स इंजिन कंपनी तिथली. क्लेसी कमिन्सला डिझेल इंजिन लोकांच्या गळी उतरवायचं होतं आणि त्यासाठी घराजवळच्या या शर्यतीइतकी चांगली जागा नव्हती. १९३१ मध्ये डेव्ह एव्हान्सने कमिन्स डिझेलची गाडी ५०० मैल एकदाही न थांबता चालवली. न थांबता ही शर्यत पुरी करणारी ती पहिली गाडी. नंबर आला तेरावा, पण मुद्दा पोचला: डिझेल कमी खातं आणि टिकतं.

१९५२ ला ते पूर्ण तयारीने आले. ६.६ लिटरचं सहा सिलिंडरचं ट्रकच्या जातीचं डिझेल इंजिन, गाडीची उंची कमी ठेवायला जवळजवळ आडवं झोपवलेलं, आणि त्यावर टर्बोचार्जर. या ट्रॅकवर टर्बो लावून आलेली ही पहिली गाडी. फ्रेड अ‍ॅगाबाशियनने पात्रता फेरीत तिला चार फेऱ्यांच्या सरासरीत ताशी १३८.०१ मैलांनी पळवली आणि पोल, म्हणजे शर्यतीत पहिल्या जागेवरून सुटायचा मान, पटकावली. ३३ गाड्यांत सगळ्यात पुढे डिझेल!

शर्यतीत मात्र ती ७१ फेऱ्यांवर संपली. टर्बोला हवा देणारं तोंड खाली नाकापाशी होतं आणि पुढच्या गाड्यांच्या टायरमधून झडणारं रबर तिथून आत खेचलं गेलं. टेस्ट बेडवर कॉम्प्रेसर चोंदतो तेव्हा काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय. एक्झॉस्टचं तापमान चढायला लागतं, धूर काळा होतो, डायनोवरचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) लोड घसरतो आणि इंजिनाचा आवाज भरलेला पण दमलेला येतो. इंजिनात काहीही मोडलेलं नसतं, त्याला श्वास मिळत नसतो. शर्यतीत एअर फिल्टर लावला तर हवेला अडथळा, न लावला तर कचरा. आज ट्रकच्या इंजिनावर हवेचं तोंड कुठे ठेवायचं यावर आम्ही बैठकाच्या बैठका घालवतो, त्याचं कारण हेच.

दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, हीच कंपनी किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली आणि कोथरूडला कारखाना उभा राहिला. पुण्यातले कितीतरी इंजिनियर पुढे कामानिमित्त कोलंबसला गेले, अजूनही जातात. तिकडे जाणं झालं तर इंडियानापोलिसच्या ट्रॅकवरचं संग्रहालय चुकवू नका. आणि टर्बोचं म्हणाल तर १९६८ मध्ये बॉबी अन्सर टर्बो लावलेल्या ऑफीवर जिंकला. कमिन्सने दार ठोठावल्यापासून सोळा वर्षांनी ते उघडलं.

१९५२ च्याच शर्यतीत दुसरी एक क्रांती नऊ फेऱ्यांनी हुकली. फ्रँक कर्टिसने बिल व्हुकोविचसाठी वेगळी गाडी केली होती. इंजिन आणि मागे जाणारा शाफ्ट डावीकडे सरकवलेले, ड्रायव्हर शाफ्टच्या शेजारी खाली बसलेला. वजन डावीकडे आणि जमिनीलगत. चारही वळणं डावीकडेच असतील, तर गाडी दोन्ही बाजूंना सारखी हवीच कशाला? व्हुकोविच १५० फेऱ्या पुढे होता, स्टीअरिंगचा भाग तुटला आणि तो भिंतीला टेकला. पुढची दोन वर्षं त्याचीच. १९५५ मध्ये, सलग तिसऱ्या विजयाकडे जाताना, आघाडीवर असतानाच अपघातात गेला. या 'रोडस्टर' गाड्यांनी पुढचं दशक गाजवलं आणि १९६२ मध्ये पार्नेली जोन्सने ताशी १५० मैलांची वेस ओलांडली.

आता तुमच्या फॉर्म्युला वनकडे येऊ. १९६१ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता जॅक ब्रॅबहम कूपर कंपनीची गाडी घेऊन आला. इंजिन ड्रायव्हरच्या मागे, तेही जेमतेम २.७ लिटरचं. समोर ४.२ लिटरच्या ऑफी. सरळ पट्ट्यावर तो मागे पडायचा आणि वळणात पुढे जायचा. नववा आला. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं की वळणात कमावलेला वेग पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यावर कामाला येतो. अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नीने लोटस या इंग्रज कंपनीच्या कॉलिन चॅपमनला इथे आणलं, फोर्डने इंजिन दिलं. १९६३ मध्ये जिम क्लार्क दुसरा आला. १९६५ मध्ये त्याने २०० पैकी १९० फेऱ्या पुढे राहून शर्यत जिंकली, आणि त्यासाठी मोनॅकोची ग्रां प्री सोडून दिली होती. त्याच्या लोटस ३८ मध्येही बॉडी चाकांच्या मध्यापासून डावीकडे सरकवलेली होती, म्हणजे कर्टिसचा धडा इंग्रजांनी गिरवला होता. पुढे इंजिन असलेली गाडी शेवटची जिंकली १९६४ मध्ये, ए. जे. फॉइटची. पाच वर्षांत पन्नास वर्षांची पद्धत पुसली गेली.

त्या १९६४ च्या शर्यतीबद्दल लिहिणं जड जातं. दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्डची गाडी भिंतीवर आपटून पेटली, ट्रॅकवर परत आली आणि मागून आलेला एडी सॅक्स तिला धडकला. दोघेही गेले. काळ्या धुराचा लोळ उठला आणि अपघातामुळे ही शर्यत थांबवायची पहिलीच वेळ आली. त्या गाड्यांत पेट्रोल होतं. पेट्रोल मिथेनॉल या अल्कोहोलपेक्षा कमी लागतं, म्हणून पिटमध्ये (इंधन आणि टायरसाठी थांबायच्या जागी) थांबणं वाचतं. पुढच्या वर्षी थांबे सक्तीचे झाले, टाक्यांना रबरी पिशव्या आल्या, पेट्रोलचा फायदा संपला आणि सगळे मिथेनॉलकडे वळले. मिथेनॉलची आग पाण्याने विझते. पण तिची ज्वाला उन्हात दिसत नाही. १९८१ मध्ये पिटमध्ये रिक मीअर्सच्या गाडीवर इंधन सांडून पेटलं तेव्हा माणसं अंग झटकत पळताना दिसत होती आणि आग कुठेच दिसत नव्हती. त्याचा चेहरा भाजला, तरीही हा माणूस एकूण चार वेळा जिंकला. २००७ पासून इंधन इथेनॉलवर आलं.

टर्बाइनची, म्हणजे विमानाच्या जातीच्या इंजिनाची, गोष्ट दोन वाक्यांत. १९६७ मध्ये अँडी ग्रॅनाटेलीची चारही चाकं ओढणारी टर्बाइन गाडी घेऊन पार्नेली जोन्स १७१ फेऱ्या पुढे होता आणि १९६ फेऱ्या पुऱ्या झाल्यावर ट्रान्समिशनचं एक बेअरिंग गेलं. पुढच्या वर्षी जो लिओनार्डचीही टर्बाइन शेवटच्या फेऱ्यांत बंद पडली, मग नियमांनी टर्बाइनचा गळा आवळला.

खरी उडी पंखांनी मारली. १९७१ ची पोल होती ताशी १७८.७ मैलांची. १९७२ मध्ये गाडीला वेगळे पंख जोडायला परवानगी मिळाली आणि बॉबी अन्सरने १९५.९ केले. एका वर्षात १७ मैल! त्याआधी तेवढा वेग वाढायला कित्येक वर्षं लागत. पंख उलट्या विमानासारखे गाडीला खाली दाबतात, टायर जमिनीला चिकटतात, आणि वळणाचा चढ तोच राहूनही वळणाचा वेग वाढतो. पण ट्रॅकची भिंत, कुंपण, टाक्या हे सगळं जुन्या वेगासाठीच बांधलेलं होतं. १९७३ मध्ये त्याची किंमत चुकवावी लागली. सरावात आर्ट पोलार्ड गेला. सुरुवातीलाच सॉल्ट वॉल्थरची गाडी कुंपणावर जाऊन पेटतं इंधन प्रेक्षकांवर उडालं. शर्यतीत स्वीड सॅव्हेज भिंतीवर आदळला आणि महिन्याभराने गेला. त्याच्याकडे धावणारा पिटमधला तरुण अर्मांडो तेरान आगीच्या बंबाखाली सापडला. पावसात रखडत तीन दिवस चाललेली ती शर्यत ३३२.५ मैलांवर संपवली. पुढच्या वर्षी टाकी ७५ गॅलनवरून ४० वर आली, तीही फक्त डावीकडे, भिंतीपासून लांब. पंख लहान झाले आणि टर्बोच्या दाबावर पॉप-ऑफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा, चाप बसला. पोलचा वेग सात मैलांनी उतरला. मला वाटतं, नियम बनवणाऱ्यांनी इथे जे केलं ते दोन वर्षं आधी करता आलं असतं.

नियमांबद्दल निघालंच आहे तर १९९४. नियमांत पुशरॉडच्या इंजिनांना (कॅमशाफ्ट खाली आणि व्हॉल्व्ह दांड्यांनी ढकलणारी जुनी, साधी रचना) जास्त लिटर आणि जास्त बूस्टची सवलत होती, साध्या गाड्यांच्या इंजिनांवर काम करणाऱ्या छोट्या टीमसाठी. टीम-मालक रॉजर पेन्स्के आणि इंजिनं बनवणाऱ्या इल्मॉर कंपनीने ती सवलत वाचली आणि मर्सिडीजच्या नावाने खास शर्यतीसाठीच पुशरॉड इंजिन बनवलं, कुणाला पत्ता लागू न देता. अल अन्सर ज्युनियर जिंकला. मग ती सवलत कापली गेली आणि १९९५ मध्ये पेन्स्केच्या गाड्या पात्रच ठरल्या नाहीत. आदल्या वर्षीचा विजेता शर्यतीच्या ३३ गाड्यांमध्येही नाही! या शर्यतीत नावाला जागा राखून ठेवत नाहीत हे मला फार आवडतं.

१९९६ ला अमेरिकेतली ही सगळी दुनिया दोन गटांत फुटली. ट्रॅकचे मालक एकीकडे, मोठ्या टीम दुसरीकडे, आणि एकाच दिवशी दोन वेगळ्या शर्यती. जखम भरायला २००८ उजाडलं. त्याच १९९६ मध्ये आरी लाउंडाइकने चार फेऱ्यांची सरासरी ताशी २३६.९८६ मैल, म्हणजे ३८१ किलोमीटर नोंदवली. तो विक्रम अजून उभा आहे, कारण पुढच्या वर्षी टर्बो काढून टाकले आणि नंतर वेग मुद्दामच आवरता ठेवला गेला.

भिंतीबद्दल सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. रस्त्यावरच्या ट्रॅकवर गाडी सुटली तर वाळू असते, मोकळी जागा असते. इथे बाहेरच्या बाजूला फक्त काँक्रीट होतं. मागचं टोक सुटलं की माणूस सवयीने स्टीअरिंग उलटं फिरवतो. तेवढ्यात टायरने परत पकड घेतली, तर गाडी ज्या दिशेला चाकं आहेत तिकडे, म्हणजे थेट भिंतीत जाते. १९८२ च्या पात्रता फेरीत गॉर्डन स्मायली असाच गेला. म्हणून इथले जुने ड्रायव्हर नवशिक्यांना सांगतात, मागचं टोक गेलं तर गाडी फिरू दे, पकडायला जाऊ नकोस. मे २००२ मध्ये या ट्रॅकवर सेफर बॅरिअर आला. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाने तो घडवला. काँक्रीटच्या पुढे पोकळ चौकोनी पोलादी नळ्यांची भिंत आणि दोन्हींच्या मध्ये फोमचे ठोकळे. गाडी आदळली की भिंतच थोडी मागे सरते आणि धक्का काही मिलिसेकंद लांबतो. तेवढ्यात माणूस वाचतो. माझ्या मते या ट्रॅकने जगाला दिलेल्या गोष्टींत ही सगळ्यात मोठी. २०२० पासून ड्रायव्हरच्या समोर एअरोस्क्रीनही आहे, जाड पॉलिकार्बोनेटची काच आणि टायटेनियमची चौकट.

टायरमधून झडलेल्या ज्या रबराने १९५२ मध्ये कमिन्सचा टर्बो चोंदला, त्याचे गोळे आजही वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचतात. २०११ मध्ये नवखा जे. आर. हिल्डेब्रँड शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणात पुढे होता. एका मागे पडलेल्या गाडीला बाहेरून ओलांडायला गेला, चाकं त्या रबरावर चढली आणि तो भिंतीला लागला. गाडी भिंतीला घासतच रेषेपर्यंत आली, पण डॅन व्हेल्डन आधी निघून गेला होता. आणि मोजमापाची गोष्ट ऐका: २०१९ मध्ये मॅक्लॅरन फर्नांडो अलोन्सोसारखा दोनदा विश्वविजेता ठरलेला ड्रायव्हर घेऊन आली आणि पात्र ठरली नाही. बऱ्याच चुकांपैकी एक होती इंचाचं मिलिमीटर करताना गाडीच्या उंचीच्या हिशेबात झालेली. फॉर्म्युला स्टुडंट या शर्यतीच्या गाड्या बनवायच्या विद्यार्थी-स्पर्धेतल्या मुलांना मी हे नेहमी सांगतो.

तुमच्या कंटाळ्याचं काय करायचं? पुढच्या वेळी गाडी कोणाच्या पुढे आहे हे बघू नका, गाडी कशी बसवली आहे ते बघा. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा घेराने थोडं मोठं असतं आणि मागची दोन्ही चाकं एकत्र बांधलेली असतात, त्यामुळे गाडीला आपणहून डावीकडे जायचं असतं. सरळ पट्ट्यावर ड्रायव्हर स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरतो ते त्यासाठी. टाकी रिकामी होत जाते, टायर झिजतात, ढग आला की ट्रॅक थंड होतो, वारा फिरला की पहिलं वळण सोपं आणि तिसरं अवघड होतं. ड्रायव्हर कॉकपिटमधूनच अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं आवरणारा दांडा) आणि चाकांवरचा तिरपा भार बदलत राहतो. पुढे गाडी असेल तर तिच्या विस्कटलेल्या हवेत पुढचे पंख दुबळे पडतात आणि नाक बाहेर जायला लागतं. सुरुवातीच्या १५० फेऱ्या तो या सगळ्याची जुळवाजुळव करत असतो, आणि ती तुम्हाला कंटाळवाणी वाटते.

म्हणून १९९२ ची शर्यत शोधून बघा. मायकल अँड्रेटी १६० फेऱ्या पुढे राहून इंधनपंपामुळे बाहेर गेला आणि अल अन्सर ज्युनियरने स्कॉट गुडइयरला ०.०४३ सेकंदांनी हरवलं. त्यानंतर २०२१ ची बघा: एलिओ कॅस्ट्रोनेव्हेस चौथ्यांदा जिंकला, सरासरी ताशी १९०.६९ मैल, हॅरूनला ज्याला पावणेसात तास लागले ते अंतर दोन तास सदतीस मिनिटांत. ऑनबोर्ड कॅमेरा लावा, आवाज मोठा ठेवा आणि पहिल्या आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी इंजिनाचा सूर उतरतो का ते ऐका. शेवटच्या ३० फेऱ्यांत दुसऱ्या गाडीच्या मागे असूनही ज्याचा सूर उतरत नाही, त्याच्यावर नजर ठेवा.